हातोडा खाली ठेवल्यावर

मी एक जुना हातोडा आहे. किती जुना ते विचारू नका. माझा दांडा तीनदा बदलला आहे, तरी मी तोच आहे असं मी छातीठोकपणे सांगतो. माझं डोकं एका बाजूनं सपाट आहे आणि दुसऱ्या बाजूनं गोल. स्वभावानं मी तापट. गोडगोड बोलणं मला जमत नाही, तेव्हा मित्रांनो, आधीच सांगून टाकतो: माझ्या गोष्टीत मारझोड पुष्कळ आहे. ज्याला ऐकवणार नाही त्यानं शेजारच्याचा हात धरून बसावं, पण उठून जाऊ नये.

माझा जन्मच मुळी मार खाऊन झाला. लोहारानं मला भट्टीत लाल केलं, ऐरणीवर आडवं टाकलं आणि घणानं असं झोडपलं की विचारता सोय नाही. मग पाण्यात बुडवलं. चर्रर्र! "आता झालास कामाचा," तो म्हणाला. मार खाल्ल्याशिवाय माणूस घडत नाही असं म्हणणारे शहाणे माझंच उदाहरण देतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. अरे बाबांनो, मी लोखंड आहे! लोखंडाची गोष्ट लोखंडापुरती ठेवा.

मला विकत घेतलं एका तांबटानं, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरानं. तो माझा मालक झाला. त्याचं दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक खोली. मधोमध लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर ऐरण, भिंतीला टेकवलेले पत्रे आणि मागे एक जाडसर पडदा. पडद्यापलीकडे त्याचं बिऱ्हाड होतं. बायको आणि एक मुलगी. मुलीचा आवाज लहानपणापासून इतका टिपेचा की बापानं तिचं नाव टिटवी ठेवलं होतं. खरं नाव शाळेत राहिलं.

मालकाच्या हाताबद्दल मी वाकडं बोलणार नाही. भांडं घडवून झालं की त्याच्या अंगावर एकाला एक लागून बारीक घाव घालतात. त्यानं पत्रा कडक होतो आणि उजेडात चमचमतो. ह्याला मठारणं म्हणतात. त्यात घाव सारख्याच जोराचे आणि सारख्याच अंतराचे पडावे लागतात. हात मध्येच अडखळला तर ओळ बिघडते आणि ते भांडं जन्मभर तोंड वाकडं करून बसतं. माझ्या मालकाची ओळ कधी बिघडत नसे. लांबलांबची गिऱ्हाइकं यायची, भांड्यावरून बोटं फिरवायची आणि "व्वा!" म्हणायची. मालक नुसता हसायचा. मी मात्र मनातल्या मनात फुगायचो.

त्याला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या उस्तादानं एक नियम घालून दिला होता. "राग आला की आधी हातोडा खाली. हातोडा हातात असताना माणसाकडे बघायचं नाही." चांगला नियम होता. त्यानं कितीतरी दुकानांत डोकी शाबूत राहिली. माझ्या मालकानंही तो नियम एकदासुद्धा मोडला नाही. राग आला की तो मला ऐरणीवर ठेवायचा. ठक्. मग फडक्याला हात पुसायचा, बोट न् बोट. मग पडदा सारून आत जायचा.

त्यानंतर जे आवाज यायचे ते तांब्याचे नसायचे.

कारणाला काही तोटा नव्हता. चहा गार झाला, दार उघडायला उशीर झाला, हाक पहिल्यांदा ऐकू आली नाही. बाहेर एखाद्या गिऱ्हाइकानं घासाघीस केली की वड्याचं तेल वांग्यावर निघायचं. थप्पड वेगळी ऐकू यायची, लाथ वेगळी. डोकं भिंतीवर आपटलं की फळीवरची माझी भावंडं, लहान हातोड्या, एकमेकींवर किणकिणायच्या. थोड्या वेळानं टिटवीची आई बाहेर यायची आणि त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवायची. बाही मनगटापर्यंत ओढलेली असायची.

समोर एक शिंपीणमावशी राहायची. माझा घाव थांबला की तिचं मशीनही थांबायचं. ती ऐकत बसायची. मग मान खाली घालून पुन्हा पाय मारायला लागायची. गल्लीतली माणसं म्हणायची, "ठोकाठोकी चालू आहे तोवर बरं." दिवसभर कान किटवणाऱ्या माझ्यासारख्या हातोड्याचा आवाज बंद होऊ नये असं अख्ख्या गल्लीला वाटायचं. आत जाऊन त्या माणसाचा हात मात्र कुणी धरला नाही.

एके दिवशी शाळेतून आलेली टिटवी ऐरणीजवळ बसली होती. मालक हंडा मठारत होता. आत काहीतरी सांडल्याचा आवाज झाला. मालकाची मूठ माझ्या दांड्यावर आवळली आणि घाव हळू पडायला लागले. टिटवीला ते कळलं. मलाही कळलं. आता ठक् होणार. तेवढ्यात तिनं तोंड उघडलं आणि माझ्या घावावर घाव बसवून ती गायला लागली:

"घाव घाल, घाव घाल, थांबू नको रे,
तांब्याच्या गालावर चंद्र कोर रे.
चंद्रामागं चंद्र लाव, ओळ तोडू नको,
गाणं माझं संपेतोवर हात सोडू नको."

मालकाचा हात थांबला नाही. गाण्याच्या ओघात थांबताच येईना त्याला. टिटवीनं चौथ्या ओळीचं शेपूट पकडून पुन्हा पहिली ओळ धरली, मग नवी ओळ जोडली, मग आणखी एक. हंडा पुरा होईपर्यंत ती गात राहिली. तोवर त्याचा राग उतरला होता. काय सांडलं हेही तो विसरून गेला. "टिटवे, कुठून आणलंस गं हे?" तो म्हणाला आणि त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पोर त्या हाताखाली दगडासारखी बसून राहिली.

मित्रांनो, मोठे गवई पेटीवर, तंबोऱ्यावर चाली बांधतात म्हणे. टिटवीला कुठलंच वाद्य येत नव्हतं. तिनं माझ्यावर चाली बांधल्या. पत्रा जसजसा कडक होतो तसतसा त्याचा आवाज चढतो, म्हणून तिचं गाणंही चढत जायचं. आणि त्या गाण्यांत कुठेही जागा नसायची. एक ओळ संपायच्या आत दुसरी सुरू. श्वास ती नेमकी माझ्या घावाखाली घ्यायची, म्हणजे तो कुणाला ऐकू जात नसे. लोक म्हणायचे, ही मुलगी श्वास घेते तरी केव्हा? मालक मिशीवर ताव मारून सांगायचा, "आमची टिटवी आहे ती!" पोर का गाते हे त्याला कधी कळलं नाही. कळलं असेल तर त्यानं तसं दाखवलं नाही.

एकदा तिचा घसा बसला. मालक म्हणाला, "गा की." तिनं तोंड उघडलं तर नुसती हवा आली. त्याला आता गाण्याची सवय झालेली. दोन घाव चुकीचे पडले, ओळ वाकडी गेली, घागर वाया गेली. ठक्. त्या दिवशी तिच्या आईचं मनगट मोडलं. दवाखान्यात सांगितलं, पाय घसरला. टिटवी कोपऱ्यात बसून स्वतःच्या गळ्यावर बुक्क्या मारत होती. तेव्हापासून भर उन्हाळ्यातही तिनं गळ्याला फडकं गुंडाळायला सुरुवात केली. गार पाणी बंद, आंबट बंद, मैत्रिणींबरोबर आरडाओरडा बंद. गळा जपायचा म्हणजे आईला जपायचं, एवढं गणित त्या पोरीनं मांडलं होतं.

अशी ती मोठी झाली. मग एक दिवस पेटीमास्तर आला.

नाट्यगृहात गाणाऱ्यांना पेटीची साथ करणारा हा माणूस आपलं गळकं पातेलं घेऊन आला होता. गाणं संपलं की आत जाऊ म्हणून उंबऱ्यावर थांबला, आणि गाणं काही संपेना. शेवटी पाय भरून आले तेव्हा आत येऊन बसला.

"कुणाचं गाणं हे?" त्यानं विचारलं.

"माझंच," टिटवी म्हणाली.

"चाल?"

"तीही माझीच."

"वाजवतेस काय?"

"काहीच नाही. मला काही वाजवता येत नाही."

"अगं, मग चाल धरतेस कशावर?"

तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. मास्तर खो खो हसला, पण हसण्यात खोट नव्हती. नाट्यगृहात नव्या गाण्यांचा कार्यक्रम होता, त्यात तू गा, असं तो तिथल्या तिथे म्हणाला. मालकाची छाती फुगली. "न्या की मास्तर! आमचंच नाव होईल," तो म्हणाला. टिटवीच्या तोंडावर मी पहिल्यांदाच असं काही पाहिलं जे भीतीचं नव्हतं.

मास्तर तालमीला पेटी घेऊन दुकानातच यायचा. एकदा मालक पत्रा आणायला गेला होता, तेव्हा तो कुरकुरला, "पोरी, दोन ओळींच्या मध्ये जरा जागा दे. माझ्या पेटीनं काय उंबऱ्यावरच बसून राहायचं?"

"जागा नाही देता येत, मास्तर."

"का बरं?"

"जागा सोडली की मार बसतो."

"कोण मारतंय? फार तर टाळ्या कमी पडतील!" मास्तर म्हणाला. टिटवी हसली नाही. पडद्याआडून भांड्यांचा आवाज येत होता तोही बंद झाला. मास्तरनं पडद्याकडे बघितलं, तिच्या गळ्यातल्या फडक्याकडे बघितलं, आणि तो पेटी मिटून गेला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी मालक मोठ्या हंड्यावर बसला होता. काम तुंबलेलं होतं. टिटवी गात होती. घाव घालता घालताच तो म्हणाला, "उद्या कुठं जायचं नाही. दुकानात बसायचं आणि गायचं."

"बाबा, तुम्ही हो म्हणाला होतात."

"तेव्हा हो म्हणालो, आता नाही म्हणतो. गळा आहे तो माझ्या घावांवर वाढलेला. ह्या दुकानातला आहे तो. गा पुढे."

टिटवी गप्प झाली.

मालक घाव घालत राहिला, वाट बघत राहिला. तिचा घसा बसला नव्हता. तिनं गाणं बंद केलं होतं. दोन्हींतला फरक त्यालाही कळला. समोरचं मशीन थांबलं. ठक्. त्यानं मला ऐरणीवर ठेवलं आणि बोट न् बोट पुसलं. ह्या वेळी पडदा सारायची गरज नव्हती. पोर अलीकडेच बसली होती.

त्यानं डाव्या हातानं तिचा गळा धरला आणि तिला ठोकळ्यावर दाबलं. उजवा हात त्यानं ऐरणीवर टेकवला होता, माझ्या अगदी शेजारी. "हाच ना गळा? हाच ना?" तो म्हणत होता. टिटवीचे पाय पत्र्यांवर आपटत होते. पत्रे गडगडत होते. तिच्या गळ्यातून एवढासाही आवाज येत नव्हता.

आई पडदा फाडूनच बाहेर आली. तिनं त्याचा दंड ओढला. त्यानं कोपर मारलं, तिच्या नाकातून रक्ताची धार लागली आणि ती ऐरणीवर आडवी पडली. तिचा हात माझ्यावर पडला. इतक्या वर्षांत तिनं मला कधी शिवलंसुद्धा नव्हतं.

तिनं मला उचललं आणि ऐरणीवरच्या त्याच्या हातावर घातलं.

एकच घाव. बरोबर बसला. मी जन्मभर घाव घातले, प्रत्येक घावाला काहीतरी वाजलं. तो हात वाजला नाही. ओली काटकी मोडावी तेवढाच आवाज झाला, आणि मग मालकाची किंकाळी. त्याचा डावा हात सुटला. टिटवी खाली कोसळली आणि खोकायला लागली. तो हात पोटाशी धरून गुडघ्यांवर आला. आईनं मला पुन्हा उचललं. ह्या वेळी त्याच्या डोक्यावर. खोटं कशाला बोलू? मी तापट आहे, मला त्या क्षणी पडावंसं वाटलं.

"आई," टिटवी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "खाली ठेव तो."

"खाली ठेवला की मार बसतो," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, दूध उतू जाईल म्हणावं तसा. "मी नाही ठेवणार."

तिनं दुसरा घाव घातला नाही, पण मला खालीही ठेवलं नाही. शिंपीणमावशी हातात कात्री तशीच घेऊन धावत आली, तिच्यामागं गल्ली आली, तोवर आई मला उगारून उभी होती. मावशी तिची बोटं सोडवायला गेली तर सुटेनात. "अगं बाई, आता सोड, आम्ही आलो," मावशी रडत रडत म्हणाली. किती वर्षांनी आले होते!

पोलीस आले. टिटवीच्या गळ्यावरचे पाच बोटांचे वळ सगळ्यांनी पाहिले. ह्या वेळी मावशीनं मान खाली घातली नाही, जे ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. मालकाला दवाखान्यात नेलं. त्याचा हात वाकडाच जुळला. पुढे दुकान मोडून तो भावाकडे राहायला गेला, एवढं कानावर आलं. तसे घाव घालणारा हात पुन्हा होणे नाही, आणि तो मोडला ह्याचं मला वाईट वाटतं. तो मोडला नसता तर टिटवी राहिली नसती. दोन्ही खरं आहे, मी काय करू?

आई आणि टिटवी मावशीकडे राहायला गेल्या. आईनं मला बरोबर नेलं. ती भाजी चिरताना मी मांडीवर, झोपताना उशीखाली. मावशीनं शिवता शिवता कात्री टेबलावर टाकली की आईचा हात झटकन डोक्यावर जायचा, मार चुकवायला जातो तसा. मावशीनं मग कात्री कापडाच्या ढिगावर ठेवायला सुरुवात केली.

टिटवीचा गळा हळूहळू बरा झाला, पण गाणं येईना. तिनं टाळ्या वाजवून पाहिल्या, पाय आपटून पाहिले. "चाल सापडतच नाही गं," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. मास्तर दोनदा येऊन गेला. त्यानं पेटी पुढं केली तर तिनं हात मागं घेतले. शेवटी एका दुपारी तिनं आईकडे हात पसरला. "तो दे जरा." आईनं कितीतरी वेळ तिच्याकडे बघितलं आणि मला दिलं. टिटवीनं मला कशावर मारलं नाही. हात खाली सोडून मला नुसतं झुलवलं. पुढे, मागे. माझं वजन तिच्या खांद्याला ओढ देत होतं. तिच्या गळ्यातून काहीतरी निघालं. जुनीच चाल, पण चालायला शिकणाऱ्या पोरासारखी, सावकाश.

पुढच्या कार्यक्रमाला मास्तरनं तिचं नाव घातलं. "जागा देणार का?" त्यानं भीत भीत विचारलं. "बघू," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी नाट्यगृह भरलं होतं. पहिल्या रांगेत आई आणि मावशी. टिटवी मला हातात घेऊन उभी राहिली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "खिळे ठोकायचेत का?" लोक हसले. मग ती गायला लागली आणि हसणं बंद झालं. तिनं चंद्रामागं चंद्र लावले. कुठेही जागा न सोडता ती गात गेली, मी तिच्या हातात झुलत गेलो. आणि मग पूर्वी कधी न ऐकलेल्या दोन ओळी आल्या:

"चंद्रामागं चंद्र लावून थकला असशील आता,
गाणं माझं चालू राहील, हात सोड आता."

ती वाकली आणि तिनं मला समोरच्या स्टुलावर ठेवलं.

ठक्.

माइक जवळच होता. सगळ्या नाट्यगृहात तो आवाज घुमला. पहिल्या रांगेत आईचा हात डोक्यावर गेला. मास्तरची बोटं पेटीवर तयार होती. इतके दिवस मागितलेली जागा त्याला मिळाली होती. पण त्यानं आईकडे बघितलं आणि बोटं उचलून घेतली. कुणी काही वाजवलं नाही. टिटवी आईकडे बघत उभी राहिली. गाणारी ओळ विसरली असं लोकांना वाटलं. कुणीतरी खोकलं. आई कोपराखालून डावीकडे बघत होती, उजवीकडे बघत होती. काहीच झालं नाही. कुणी उठलं नाही, कुणी हात पुसले नाहीत. हळूहळू तिचा हात खाली आला आणि मांडीवर विसावला.

तेव्हा टिटवीनं श्वास घेतला. चांगला मोठा, छाती भरून. तो माइकमधून सगळ्यांना ऐकू गेला. मग तिनं पुढची ओळ धरली. मी स्टुलावर पडून ऐकत होतो. तिला माझी गरज लागली नाही.

तर मित्रांनो, हातोड्याची निगा राखा, हे तर मी सांगणारच. दांड्याला तेल द्या, ओल लागू देऊ नका, डोकं ढिलं झालं तर पाचर मारा. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्या भिंतीपलीकडचा रोजचा आवाज एकाएकी थांबला आणि मागून नको ते ऐकू आलं, तर मान खाली घालून आपल्या कामाला लागू नका. लहान असलात तर धावत जाऊन एखाद्या मोठ्या माणसाला सांगा, आणि त्यानं नाही ऐकलं तर दुसऱ्याला सांगा. मोठे झालात की स्वतः जाऊन दार वाजवा. आमच्या गल्लीला त्या एका दारापर्यंत यायला फार वर्षं लागली.

मी आता मावशीच्या खोलीत खिडकीखालच्या फळीवर असतो. रोज सकाळी आई मला फडक्यानं पुसते आणि फळीवर ठेवते. ठक् असा आवाज होतो. मग ती चहा ठेवायला जाते.